पोस्टाने आलेली पदवी

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला होता. "मावशी, अजून जातेस का गं त्या विद्यापीठातल्या व्याख्यानांना? एवढी दगदग करून?" फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. चहा घेऊन बसा.

मी मुंबई विद्यापीठाची पदवीधर, पण विद्यापीठ कधी न पाहिलेली. एस.एस.सी. झाल्यावर डी.एड. केलं आणि लगेच शाळेत लागले. घरी माझ्या पगाराची गरज होती, कॉलेजचा विषयच नव्हता. पुढे १९७१ साली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं आणि आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्यांना दार किलकिलं झालं. अभ्यासाच्या पुस्तिका पोस्टाने यायच्या. शाळेतल्या वह्या तपासून झाल्या की रात्री मी त्या वाचत बसायची. पेपर सगळे मराठीतून लिहिले. बी.ए. झाले, आणि पदवीचं प्रमाणपत्रही पोस्टमननेच आणून दिलं! मिस्टरांनी त्याला चौकट करून आणली. ती अजून भिंतीवर आहे.

२००९ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी फोर्टमधल्या विद्यापीठाच्या कॉन्व्होकेशन हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम आहे असं कळलं. गेले. गॉथिक कमानी, सज्जा आणि दर्शनी भिंतीत रंगीत काचांची एक प्रचंड गोल खिडकी. तिच्यात बारा राशी आहेत. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून या इमारतीचे नकाशे काढले. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही! हॉल १८७४ साली पुरा झाला, त्यासाठी लाखभर रुपये सर कावसजी जहांगीर यांनी दिले. विद्यापीठाने बायकांना पदवीसाठी परवानगी दिली ती १८८३ साली, म्हणजे हॉल बांधून झाल्यावर नऊ वर्षांनी.

गाण्याविषयी खरं सांगायचं तर दगडी इमारत आणि उंच छत म्हणजे आवाज घुमणारच. आलापी फार सुंदर वाटली, द्रुत लयीत मात्र तबल्याचे बोल एकमेकांत मिसळत होते. पण मी तिथे, त्या छताखाली बसले होते. माझ्या पदवीला जिथे टाळ्या पडायच्या होत्या तिथे दुसऱ्याच्या गाण्याला टाळ्या वाजवल्या, आणि हात दुखेपर्यंत वाजवल्या. असो.

तेव्हापासून जात राहिले. या विद्यापीठाला व्याख्यानांची परंपरा जुनी आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली इथेच विल्सन व्याख्यानं दिली, संस्कृतापासून आपल्या आजच्या भाषा कशा झाल्या या विषयावर. कालिन्याला लोककला अकादमी आहे. तिथली मुलं गोंधळ, भारूड, पोवाडे शिकतात. देवीपुढचा गोंधळ सभागृहात आणणं काहींना खटकतं. मला नाही खटकत. आमच्या गावी लग्नानंतर गोंधळ घालायचे, त्या संबळाचा आवाज कालिन्यात ऐकला आणि अंगावर काटा आला. ती मुलं शिकली नाहीत तर कोण वाजवणार?

सगळेच कार्यक्रम चांगले असतात असं मात्र नाही हं. एका सभागृहात (नाव घेत नाही) सत्कार, शाली आणि दीपप्रज्वलन यात पन्नास मिनिटं गेली, आणि वक्त्याला चिठ्ठी आली, "आवरतं घ्या".

दगदग आहेच. भाईंदर ते चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर. जाताना सोपं असतं, परतताना विरार फास्टमध्ये भाईंदरवालीला कोण चढू देणार? म्हणून बोरिवलीपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. नऊच्या आत निघावं लागतं. मैफल संपते भैरवीने आणि मी तेव्हा स्टेशनवर! पंधरा वर्षांत मी भैरव्या फार थोड्या ऐकल्या.

पहिली काही वर्षं दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण बरोबर असायची. निवृत्त नर्स, माझ्यापेक्षा जास्त वाचणारी. तिचे गुडघे गेले. स्टेशनचा पूल चढवेना. एकदा अर्ध्या जिन्यात थांबली आणि म्हणाली, "तू जा, आणि येऊन मला सांग." त्या दिवसापासून मी वही नेते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर व्याख्यान पुन्हा होतं. आधी ती एकटी ऐकायची, आता आम्ही पाच-सहा जणी असतो. तळमजल्यावरच्या बेनना मराठी अर्धंच कळतं, म्हणून मधूनमधून हिंदी. त्यांना सगळ्यात आवडली राजाबाई टॉवरची गोष्ट. प्रेमचंद रायचंद यांनी तो आपल्या आईच्या नावाने बांधवला, १८७८ साली पुरा झाला. आई जैन, दृष्टी गेलेली. घड्याळाच्या टोल्यांवरून तिला सूर्यास्ताआधी जेवायची वेळ कळायची, असं सांगतात. बेन लगेच म्हणाल्या, "चोविहार!" आणि आपलं घड्याळ बघून उठल्या.

कोरोनानंतर पुष्कळ व्याख्यानं मोबाईलवर दिसू लागली. नातीने मैत्रिणीला लावून दिलं. पण मैत्रीण म्हणते, मध्येच कुकरची शिट्टी होते, उठावं लागतं, आणि प्रश्न विचारावासा वाटला तर कोणाला विचारायचा?

आमच्या मीरा-भाईंदरला २०२२ साली लता मंगेशकर नाट्यगृह झालं. नाटकासाठी बोरिवली गाठायला नको, याचा आनंद आहे. पण व्याख्यानाला नाट्यगृह लागत नाही, चाळीस खुर्च्या पुरतात. विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाची व्याख्यानं वाचनालयांत, कॉलेजांत होतात. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेर. जे विद्यापीठात येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत विद्यापीठाने जायचं, हा तो विचार. पूर्वी माझ्याकडे पोस्टाने पुस्तिका आल्याच ना? मग आता मैत्रिणीकडे वक्ता का येऊ नये?

म्हणून गेल्या महिन्यात बहिःशाल विभागाला पत्र लिहिलं, आणि जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटले. शनिवारी दुपारी चारनंतर वर्ग रिकामे असतात. त्या "बघते" म्हणाल्या. शाळेत "बघते" म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. वर्ग तळमजल्यावरचाच हवा, हे पत्रात दोनदा लिहिलं आहे.