आमचें यंत्रकौशल्य

यंत्राला मन नसतें असें जे म्हणतात, त्यांच्या घरीं यंत्र कधीं बिघडलेंच नसावें. आमच्या घरचें भांडीं धुण्याचें यंत्र (मुलें त्याला डिशवॉशर म्हणतात, आणि आतां आम्हीहि म्हणूं लागलों आहों) श्रावणांतल्या एका रविवारीं, नेमकीं अकरा पानें उठल्यावर, बंद पडलें. दार उघडून पाहतों तों तळाशीं चार बोटें गढूळ पाणी, पाण्यावर तेलाचा तवंग, तवंगावर कढीलिंबाचें एक पान, आणि वरच्या पट्टीवर लुकलुकणारा एक सांकेतिक आंकडा! माहितीपुस्तिकेंत त्याचा अर्थ शोधला. 'पाण्याचा निचरा होत नाहीं' असा तो निघाला. तें आम्हांला पुस्तिकेशिवायहि दिसत होतें.

हें यंत्र आमच्याकडे कसें आलें तें सांगितलें पाहिजे. २०२० सालीं मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि आमच्याकडे केर, फरशी व भांडीं करणाऱ्या मावशींना सोसायटीच्या फाटकाच्या आंत येण्याची मनाई झाली. तोंवर स्वावलंबनावर आम्हीं पुष्कळ व्याख्यानें दिलीं होतीं. परंतु करपलेल्या दुधाचें पातेलें घासण्याचा प्रसंग आला नव्हता. तो रोज येऊं लागला, तेव्हां त्या वर्षीं आमच्यासारख्या अनेकांनीं जें केलें तेंच आम्हींहि केलें. यंत्र आणलें. पुढें मावशी परत आल्या. केर व फरशी त्यांच्याकडे राहिली, भांडीं यंत्राकडे गेलीं, आणि भांड्यांचा पगार कोठेंच गेला नाहीं. म्हणजे तो आमच्याच खिशांत राहिला. ह्या हिशेबाचा उच्चार घरांत कोणीं केला नाहीं. मावशींनींहि केला नाहीं.

कंपनीचा माणूस आला. त्यानें दार उघडलें, मान हालविली आणि दार लावलें. "सर, पंप गेलाय. हे मॉडेल आता जुनं झालं. नवीनच घ्या, जुन्याचे थोडे पैसे वजा करू." इतक्या थोड्या वर्षांचें यंत्र जर जुनें, तर पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला काय म्हणावें, असा विचार मनांत येऊन आम्हांला त्या यंत्राविषयीं एकाएकीं बंधुभाव वाटूं लागला. तें स्वतः दुरुस्त करण्याचा संकल्प आम्हीं तेथेंच सोडला. सौभाग्यवतींचा आमच्या संकल्पांचा अनुभव मोठा आहे. त्यांनीं त्याच संध्याकाळीं मावशींना भांड्यांसाठीं विचारलें. मावशींनीं आजचा दर सांगितला व आम्हीं तो निमूटपणें मान्य केला.

ह्या यंत्राची जन्मकथा पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांतील शेल्बीव्हिल गांवीं जोसेफिन कॉक्रेन नांवाच्या बाई राहत. त्यांच्या घरच्या उंची चिनी मातीच्या बशांचे टवके नोकरांच्या हातून उडत, म्हणून वैतागून त्यांनीं यंत्राची कल्पना काढली असें सांगतात. पुढें पति वारले, मागें कर्ज राहिलें, आणि हौसेचें काम पोटाचें झालें. २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्यांना पेटंट मिळालें. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत तें यंत्र झळकलें. त्याचीं पहिलीं मोठीं गिऱ्हाइकें गृहिणी नव्हत्या, हॉटेलें होतीं.

यंत्र आंतल्या आंत भांड्यांवर पाण्याचा मारा करतें, येवढेंच आम्हांला ठाऊक होतें. प्रत्यक्षांत तें फार काटकसरी आहे. नळाचें थोडेंसें पाणी तें आंत घेतें, राळेच्या बारीक मण्यांतून नेऊन त्याचा जडपणा काढतें, आणि मग तेंच पाणी तापवून व गाळून फिरत्या पात्यांच्या भोंकांतून पुन्हां पुन्हां उडवितें. आपण जें मीठ घालतों तें भांड्यांसाठीं नसून त्या मण्यांची शक्ति परत आणण्यासाठीं असतें. पाणी उडविण्याचा पंप मोठा. घाण पाणी बाहेर टाकण्याचा पंप निराळा, मुठीयेवढा. आमचें घोडें ह्या मुठीयेवढ्या पंपापाशीं अडलें होतें.

प्रथम विजेचा प्लग काढून ठेवला, नळ बंद केला, आणि सांचलेलें पाणी स्पंजानें टिपून बादलींत पिळलें. गाळणी काढली. तिच्या खालच्या खळग्यांतून लिंबाच्या तीन बिया, चिमूटभर मोहरी आणि कांचेचा नखायेवढा तुकडा निघाला. पंपाचें चक्र बोटानें फिरवून पाहिलें. तें सरळ फिरेना. अडखळत, उड्या मारीत फिरे. रोग सांपडला म्हणून आम्ही हर्षभरित झालों. परंतु चिरंजीवांनीं सांगितलें कीं आंत लोहचुंबक असल्यामुळें चांगला पंपहि असाच अडखळतो. मग मीटर लावला. आंतल्या वेटोळ्याची तार कोठें तरी तुटली होती; मीटरला तिच्यांतून वाटच मिळेना. तेव्हां कोठें पंप खरोखरच गेला आहे अशी खात्री पटली.

सुटा भाग मागवितांना यंत्राचें नांव सांगून भागत नाहीं. दाराच्या कडेवरचा यंत्राचा क्रमांक व पंपाच्या अंगावरचा क्रमांक हे दोन्ही अक्षरशः जुळावे लागतात. आयुष्यभर पाठभेद तपासण्याची जी संवय जडली, ती घरांत प्रथमच उपयोगी पडली. पांचव्या दिवशीं पुडकें आलें. किंमत नव्या यंत्राच्या विसाव्या हिश्शाहूनहि कमी! यंत्र ओट्याखालून ओढून कुशीवर निजविलें, जुना पंप किंचित् फिरवून खांचेंतून सोडविला, रबरी कडें नीट बसवून नवा पंप त्याच खांचेंत अडकविला, दोन तारा जोडल्या, आणि मंडळींना बोलावून कळ दाबली.

नवा पंप गुणगुणूं लागला. परंतु तो थांबेचना. नळाचें पाणी आंत येईना, बाहेर टाकावयाला थेंब नाहीं, तरी पंप आपला चालूच! मंडळी एकेक करून पांगली. तेवढ्यांत फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काका, ह्याच्या खाली ओलं आहे बघा. फडकं भिजलं माझं."

आम्हीं प्रथम तें मनावर घेतलें नाहीं. मग माहिती चाळतां चाळतां उलगडा झाला. यंत्राच्या बुडाशीं एक पसरट परात असते व तींत एक हलका तरंगता तुकडा असतो. परातींत पाणी सांचलें कीं तो वर उचलला जाऊन खटका दाबतो. यंत्राला वाटतें, कोठें तरी गळती आहे. आणि घरांत पूर येऊं नये म्हणून तें पाणी घेणें थांबवून नुसता उपसा करीत राहतें. आम्हीं यंत्र कुशीवर निजविलें तेव्हां आंत राहिलेलें पाणी थोडें फरशीवर आणि बरेंचसें परातींत उतरलें होतें. पुन्हां प्लग काढला व मावशींच्याच फडक्यानें तें टिपून घेतलें. कळ दाबली. नळाचें पाणी आंत शिरल्याचा आवाज झाला.

आम्ही विजयी मुद्रेनें वळलों. मावशी फडकें पिळीत होत्या. "झालं का चालू? म्हणजे उद्यापासून भांडी नाहीत."

त्या बोलण्यांत तक्रार नव्हती. उद्यां नळाला पाणी नाहीं, असें सांगावें तसें त्या बोलल्या. शेल्बीव्हिलच्या बाईंना निदान बशा फुटल्याचें कारण तरी होतें. आमच्या मावशींनीं इतक्या वर्षांत आमची एक बशीहि फोडलेली नाहीं. आम्हांला कांहीं सुचेना. सौभाग्यवती म्हणाल्या, "भांडी यंत्रात गेली तरी पैसे तेच राहतील, मावशी."

"बसून पैसे नकोत, काकू," मावशी म्हणाल्या. "तवा, कढया, जर्मनची पातेली, ती कुठं ह्यात घालता? ती मी घासते. पैसे मात्र सगळे द्या."

सौदा तेथेंच ठरला. लोखंडी तवा यंत्रांत गंजतो आणि अॅल्युमिनियमचीं पातेलीं काळवंडतात, हें आम्हांला नंतर पुस्तिकेंत सांपडलें. मावशींना तें आधींच ठाऊक होतें.

असो. यंत्र आतां बरें चालतें, व आमचें कौशल्य आप्तवर्गांत थोडेंफार गाजलेंहि आहे. परंतु यंत्र आल्यापासून तें बिघडेपर्यंतचा भांड्यांचा पगार अजून आमच्याकडेच आहे. दिवाळीच्या आधीं मावशींपाशीं तो विषय काढावयाचा असें सौभाग्यवतींनीं ठरविलें आहे. बेरजेचें काम आमच्याकडे आलें आहे. आणि ती आम्ही जितक्यांदां करतों, तितक्यांदां ती नव्या यंत्राच्या किंमतीहून मोठीच निघते.