पाय कुठं उचलायचा

केडगाव म्हटलं की वाहतुकीच्या धंद्यातली माणसं आधी विचारतात, नगरचं का दौंडचं? आमचं दौंडचं. पुणे-दौंड रेल्वेलाइनवरचं स्टेशन, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव, आणि कांद्याच्या बाजारभावात ‘दौंड-केडगाव’ म्हणून ज्याचं नाव छापून येतं ते. सोलापूर हायवेवरचा चौफुला इथून जवळ. भोवताली ऊस, गुऱ्हाळं, कांद्याच्या चाळी. माझी आयशर या मालावर चालते. कांद्याच्या गोण्या नाहीतर गुळाच्या ढेपा भरायच्या आणि पहाटेच्या आत पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात लावायच्या, हे माझं काम.

या कामात सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा, आणि त्याचा दर माझ्या हातात कधीच नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढलं. जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलायला लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली, तेव्हा आमच्याकडच्या कित्येकांनी गाड्या दारात उभ्या केल्या. मग नोव्हेंबरात केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी उतरवलं, पुढच्या मे महिन्यात आणखी ६ रुपयांनी, आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट ३ रुपयांनी कमी केला. दर उतरला की भाडं कमी करा म्हणून फोन त्याच दिवशी येतो. चढला की भाडं वाढवून मिळायला महिने जातात. मधल्या काळात गाडी जगवायची तर लिटरमागे दोन पावलं जास्त काढावी लागतात, आणि ती मला सापडली ती ब्रेकपाशी.

लोड गाडी साठच्या वेगाला न्यायला बरंच डिझेल जळतं. ते वाया जात नाही, गाडीच्या वेगात साठून राहतं. ब्रेक दाबला की तोच वेग ड्रमच्या उष्णतेत जातो. पुन्हा वेग धरायचा म्हणजे विकत घेतलेलं डिझेल दुसऱ्यांदा विकत घ्यायचं. म्हणून चालवताना माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: पाय रेसवरून कुठं उचलायचा. डोईवर भरला हंडा घेतलेली बाई धावत सुटत नाही आणि झटक्यात थांबतही नाही, वाट लांबवर बघून पाऊल टाकते. लोड गाडी तशी चालवावी लागते.

ही गोष्ट लोणी काळभोरला जेवढी कळते तेवढी कुठं कळत नाही. तिथं तेल कंपन्यांचे डेपो आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईहून निघालेली पाइपलाइन सह्याद्री ओलांडून तिथं येते आणि पुढं सोलापूरला जाते. डेपोतून निघालेले टँकर, उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि यार्डाकडं निघालेल्या आमच्या गाड्या, सगळे लोणी स्टेशन चौकात एकमेकांत घुसतात. थेऊर फाटा मागं पडला की मी पुढच्या गाडीच्या पाठीकडं बघत नाही, तिच्या पलीकडच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीचे दिवे बघतो. ते लाल झाले की पाय उचलला. गिअर आहे तोच, क्लचला पाय नाही. आरपीएमचा काटा हळूहळू उतरायला लागतो, इंजिनाचा आवाज जड होतो, मागचं वजन गाडीला पुढं रेटत असतं. या वेळी चाकंच इंजिनाला फिरवत असतात, आणि आताच्या कॉम्प्युटरवाल्या इंजिनांत तेवढा वेळ डिझेल सुटतच नाही. काटा हजाराजवळ आला की एक गिअर खाली, पुन्हा तेच. रांगेच्या शेपटाशी पोचेपर्यंत बहुतेक वेळा रांग हललेली असते आणि मी तिसऱ्यातच पुढं सरकतो. शेजारून सुसाट गेलेला पिकअप तिथंच कचकन थांबलेला असतो आणि आता पहिल्या गिअरमधून धूर काढत उठत असतो. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

ही चाल मला गुळाने शिकवली, हेही सांगितलं पाहिजे. वैशाखात ढेप मऊ पडते. दोन-तीन कचके बसले की खालच्या थरातल्या ढेपा दबतात, कडा फुटतात, आणि यार्डात उतरवताना अडत्या भाव पाडतो. कांद्याचंही तेच, गोणीतल्या कांद्याने मार खाल्ला की चार दिवसांत वास मारायला लागतो. मालाला धक्का बसू नये म्हणून पाय हलका ठेवत गेलो आणि टाकीचा हिशेब आपोआप सुधारला.

इथं एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. डिझेल वाचवायचं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर अजून आहेत. काही जण तर इंजिनच बंद करतात. ही जुन्या गाड्यांच्या काळातली समजूत, आणि त्या काळातही ती जिवावरचीच होती. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या डिझेलवर फिरत राहतं, गिअरमध्ये ते चाकांवर फिरतं. म्हणजे नव्या गाडीत न्यूट्रल केल्याने डिझेल उलट जास्तच जातं. शिवाय गिअर गाडीला मागं धरतो ते बंद होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवा भरायची थांबते, स्टिअरिंग जड होतं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडं येणारा उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एक ट्रक एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडकत गेला, आणि उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं तपासात पुढं आलं. दोन-चार रुपयांच्या डिझेलसाठी. आमच्या केडगाव-हडपसर रस्त्यावर घाट नाही, पण इथली पोरं बोरघाट उतरून वाशीला जातात, दिवे घाट उतरतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुन्या वस्तादांचं सांगणं आजच्या इंजिनाला डिझेलच्या हिशेबानेही लागू पडतं.

वेगाचं गणित सरळ आहे, तरी कुणाला पटत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि आमच्या गाडीचं तोंड भिंतीसारखं सपाट. पन्नास किलोमीटरच्या पल्ल्यात त्यातून वाचतात साडेबारा मिनिटं, तीही अखंड ऐंशीने जाता आलं तर. ती मिनिटं हडपसरला किंवा यार्डाच्या गेटवर उभं राहण्यात जातात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने सगळ्या देशात ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती ती तेल वाचावं म्हणूनच. आपल्याकडं १९७८ मध्ये पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन निघाली, आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चला हे तिचं सांगणं आम्ही वर्षानुवर्षं पंपावरच्या फलकांवर वाचत आलो. लोड गाडीला हायवेवर पंचावन्न-साठ मला योग्य वाटतं. ताडपत्री मात्र ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बांधलेली पाहिजे, फडफडणारी ताडपत्री वारा पकडते.

टायरकडं लोक कमी बघतात. मागं जोडचाकं असतात, आणि आतलं चाक कुणाला दिसत नाही. बाहेरच्या चाकात हवा ठीक असली की गाडी दिसायला सरळच दिसते. आतलं मऊ पडलेलं असलं तर सगळं वजन बाहेरचं उचलतं, आतलं नुसतं घासत, तापत चालतं आणि इंजिनाला ओझं होतं. भरण्याआधी, गाडी गार असताना, मी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली वाकतो आणि आतल्या टायरवर एक ठोका मारतो. हवा पुरेशी असली की टॉमी हाताला उलटी उसळते आणि आवाज टणक येतो. कमी असली की ठोका आत मुरतो, आवाज बसका. त्या आवाजाचा कान तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा मीटर लावून कंपनीच्या आकड्याशी पडताळायचं. दोन चाकांच्या फटीत अडकलेला दगडही त्याच वाकण्यात सापडतो.

उभ्या गाडीचं इंजिन बंद करणं इतकं सोपं आहे की त्यावर लिहायला नको, पण वजनकाट्यावर रांगेत सगळी इंजिनं धडधडत असतात. टर्बोच्या गाडीला लांबून आल्यावर मिनिटभर तसंच चालू ठेवावं लागतं, टर्बो गार व्हावा म्हणून. त्यापुढचं सगळं डिझेल फुकट. डिझेलच्या नळीला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या बाटल्या विकणारे ढाब्यावर भेटतात. ते पैसे मी हवा, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टरवर घालतो.

हे सगळं खरं का खोटं ते मोजल्याशिवाय कळत नाही. एस.टी.त चालकाच्या डिझेलचा हिशेब ‘केपीटीएल’वर होतो, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. पद्धत चांगली आहे, कारण एका लिटरच्या आकड्यात न दिसणारा फरक दहा लिटरला डोळ्यांत भरतो. मी टाकी फुल ते टाकी फुल असं मोजतो, एकाच पंपावर, आणि डायरीत जाताना काय भरलं होतं, येताना रिकामी होती का लोड, तेही लिहितो. त्या डायरीने दाखवलं की सगळ्यात महाग किलोमीटर रिकामे परतीचे असतात. यार्डातून पेंड, किराणा, काहीही थोडं कमी भाड्यात मिळालं तरी मी घेतो. गाडी रिकामी आली काय आणि भरून आली काय, तिचं स्वतःचं वजन ओढायला डिझेल लागतंच.

दुसऱ्या गाडीवर मी ड्रायव्हर ठेवला तेव्हा हीच डायरी त्याच्या हातात दिली आणि ठरलेल्या ॲव्हरेजच्या वर जे वाचेल त्यातलं निम्मं त्याचं, असं बोलून ठेवलं. पगारी माणसाला डिझेल वाचवून स्वतःचं काही मिळत नसेल तर तो का म्हणून मागच्याचे हॉर्न ऐकत राहील? मालकांच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा काहींना ते आवडलं नाही. पण डिझेल चोरी होते म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी वाचलेल्या डिझेलमध्ये ड्रायव्हरचा वाटा धरावा, असं मला मनापासून वाटतं.

तरीही ड्रायव्हर आणि मालक मिळून जे वाचवतात ते एका गोष्टीने पुसून जातं. लिलाव संपतो, पट्टी होते, गोण्या शिवून होतात, हमाल दुसऱ्या गाडीला लागतात, आणि आमची गाडी भरून निघते अगदी ऐनवेळी. माल पहाटे चारला यार्डात हवा असतो. मग ड्रायव्हर ऐंशीने पळवतो, कासुर्डीजवळ ट्रॅक्टरला रेटून ओव्हरटेक करतो, लोणीत ब्रेकवर उभा राहतो. तासभर आधी भरून मिळालेली गाडी पंचावन्नने जाऊन वेळेत पोचते. म्हणून हल्ली मी भाडं ठरवताना व्यापाऱ्याला आधी भरायची वेळ विचारतो. रात्री नऊच्या आत भरून देणार असाल तर भाड्यात थोडं कमी घेतो, तेवढं डिझेलमध्ये निघतं. दोघा-तिघांनी ते मान्य केलं आहे. लांबच्या गाड्या आधी भरायच्या, असं त्यांनी हमालांनाही सांगून ठेवलंय.