आडनाव लावा, प्लीज!

कारंजा दोन आहेत, माहितेय? एक आमचं, वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड. दुसरं वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. गेल्या वर्षी पुण्याहून आजीला पाठवलेल्या गोळ्या चार दिवस वर्ध्याकडे फिरून आल्या. पाकिटावर ‘कारंजा लाड’ ठळक लिहिलेलं. पण काउंटरवरच्या यादीत पहिलं ‘कारंजा’ क्लिक झालं! तिकडे न मिळणाऱ्या गोळ्या त्या. तिसऱ्या दिवशी आजीचं बीपी वाढलं. पाकीट हातात पडल्यावर म्हणते कशी, “माह्या गोळ्याइनं वर्धा पाह्यलं, मी काई पाह्यलं नाई!”

हिंजवडीत जावा लिहिणारा माझा मामेभाऊ म्हणाला, “अगं, हा तर आमचा रोजचा प्रॉब्लेम!”

म्हणजे बघा, २००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक्स आले. नुसती ‘लिस्ट’ नाही, ‘स्ट्रिंगची लिस्ट’, ‘आकड्यांची लिस्ट’ असं नीट सांगायची सोय. पण कंपायलर हे एकदा तपासतो आणि पुसून टाकतो. प्रोग्रॅम चालू झाला, की दोन्ही नुसत्या ‘लिस्ट’. आडनाव गायब!

आता गूगलनं २००७ मध्ये खुलं केलेलं एक फ्रेमवर्क घ्या. स्पेलिंग जी-यू-आय-सी-ई, उच्चार ‘ज्यूस’. क्लासला जे लागतं ते त्यानं स्वतः बनवायचं नाही, हे आणून देणार. घरपोच डिलिव्हरीच! फक्त कुणी काय मागितलं की काय द्यायचं, हे आधी ‘बाइंड’ करायचं. पण नुसती ‘लिस्ट’ बाइंड केली, तर कुठली?

त्यावर तोडगा ‘टाइपलिटरल’. त्यात पूर्ण प्रकार लिहायचा आणि शेवटी दोन रिकामे महिरपी कंस टाकायचे. त्या कंसांमुळे तिथल्या तिथे एक बिननावाचा सबक्लास जन्मतो, आणि आपला पालक नेमका कोण, ही नोंद त्याच्या क्लास फाइलमध्ये राहते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव राहतं ना, तशी. फ्रेमवर्क ती वाचतं आणि बरोबर लिस्ट पोचवतं.

मला मात्र आम्हीच आठवलो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. तरी ऑफिसात कुणी गाव विचारलं, की आमच्याकडची कितीतरी मुलं ‘अकोल्याकडचा’ म्हणून मोकळी होतात. कोण समजावत बसणार, नाही का? पण आपणच पुसलं, तर समोरचा वाचणार कुठून?

भाऊ हल्ली पूर्ण सांगतो. कारंजा लाड, जिल्हा वाशिम. लोक विचारतात, “हे कुठे आलं?” तो सांगत बसतो.