वर्दी कोणाला?

‘गुपित फुटणे’ हा वाक्प्रयोग मराठीत आहे. परंतु गुपिताला कोणाचा तरी हात लागला, ते फुटले मात्र नाही, या अवस्थेसाठी सुटसुटीत शब्द आम्हांस आठवत नाही. ही उणीव ध्यानात आली ती वर्गात नव्हे, तर पुण्याच्या मार्केट यार्डात, एका रविवारी सकाळी, कांद्याची पिशवी पायाशी ठेवून चहा पीत असताना.

तेथे आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. बारावीला शास्त्र शाखेत असताना तो आमच्याकडे मराठी शिकला होता. त्याचे वडील याच यार्डात हमाल होते. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीचे सभासद. मुलगा आता एका संगणक कंपनीत आहे. “काय काम करतोस?” असे विचारल्यावर तो हसून म्हणाला, “सर, गुपितं सांभाळतो. म्हणजे गुपितं नाही, गुपितांची वर्दी.”

मग त्याने समजावले ते असे. मोठ्या कंपनीत शेकडो संगणक-प्रणाली एकमेकींशी बोलत असतात आणि प्रत्येकीला दुसरीच्या दारात शिरण्यासाठी परवलीचा शब्द लागतो. पूर्वी हे शब्द कुठल्याशा फायलीत, कधी तर प्रणालीच्या पोटातच लिहून ठेवलेले असत. आता ते एका डिजिटल तिजोरीत ठेवतात. हॅशिकॉर्प या अमेरिकी कंपनीने २०१५ साली आणलेली ‘व्हॉल्ट’ ही अशीच एक तिजोरी. तिची मूळ किल्ली एकाच्या हाती नसते. अदी शमीर या गणितज्ञाने १९७९ साली मांडलेल्या रीतीने तिचे वाटे करतात. साधारणतः पाच वाटे, आणि त्यांतील कोणतेही तीन एकत्र आले तरच तिजोरी उघडते.

“पण आतला एखादा शब्द बदलला,” तो म्हणाला, “तर त्यावर अवलंबून असलेल्यांना ते तत्काळ कळायला हवं. नाहीतर कुलूप नवं आणि हे जुनीच किल्ली घेऊन दार ठोठावत बसतात. म्हणून तिजोरी वर्दी देते. अमुक कप्प्यातल्या गुपिताला हात लागला, इतकंच. नवा शब्द काय, ते त्या वर्दीत नसतं.”

“आणि ही वर्दी सगळ्यांना जाते?”

“नाही सर. ज्याला परवानगी दिली आहे त्यालाच. गुपित वाचण्याची परवानगी वेगळी आणि त्याला हात लागल्याची वर्दी ऐकण्याची वेगळी. दोन्ही कोणीतरी ठरवून द्यावी लागते.”

आम्ही आणखी एक शंका काढली. कोणी केव्हा काय उघडले याची नोंद कुठेतरी राहतच असेल, मग वेगळी वर्दी कशाला? त्यावर तो म्हणाला, “नोंद म्हणजे रोजकीर्द. ती सगळं झाल्यावर वाचायची. वर्दी त्याच वेळी येते, म्हणजे हातात काही करण्यासारखं असतं तेव्हा.”

हे ऐकताना आमची नजर समोरच्या गाळ्यांकडे गेली आणि तीसेक वर्षांपूर्वीची एक पहाट आठवली. आमचे वडील, अण्णा, पुरंदरचे शेतकरी. वाटाण्याच्या पोत्यांवर बसून दिवे घाट उतरून आम्ही त्यांच्याबरोबर बाजारात आलो होतो. एका गाळ्यावर दोन माणसांनी उपरण्याखाली एकमेकांचा हात धरला. काही क्षण उपरणे हलले, थांबले, पुन्हा हलले. दोघांनी माना डोलावल्या आणि पोती उचलली गेली. अण्णांनी विचारले, “काय भाव झाला?” उत्तर आले, “पट्टीत कळंल की, पाव्हणं.”

प्राचीन काव्यातील करपल्लवी आणि नेत्रपल्लवी आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने शिकवतो. उपरण्याखालची ही करपल्लवी म्हणजे ‘हत्ता’. तिच्या जोडीला दलालांची नंदभाषाही होती, जिच्यात केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन आणि पोकू म्हणजे चार. मोल्सवर्थने आपल्या कोशात तिची दखल घेतली आहे. भाषेचा अभ्यासक म्हणून आम्हांला या शब्दांचे आकर्षण वाटते, आणि गुप्ततेला सरसकट दोषही देता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती लिपी उकलेपर्यंत ते पंथाबाहेर वाचता येत नव्हते. तेथे गुपित ज्यांचे होते त्यांनीच ते राखले. उपरण्याखालची गोष्ट निराळी होती. माल अण्णांचा होता, भाव त्यांच्या मालाचा होता, आणि तो ठरत असताना वर्दी मिळण्याचा अधिकार तेवढा त्यांना नव्हता.

नियंत्रित बाजारांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८च्या अहवालात देशभर असे बाजार उभारण्याची शिफारस केली. मुंबई प्रांताचा कायदा १९३९चा आणि महाराष्ट्राचा १९६३चा. या साऱ्या खटाटोपातून वजनमाप, अडत, हमाली यांना शिस्त लागावी ही अपेक्षा होतीच. पण त्यातील उघड लिलावाचा आग्रह आम्हांला आज विशेष अर्थपूर्ण वाटतो. लिलाव मोठ्याने पुकारला की मालाचा धनी तेथल्या तेथे ‘देत नाही’ म्हणू शकतो. पट्टीही खरी असू शकते, तिच्यातला पैसा न् पैसा बरोबर असू शकतो. पण ती हातात येते तेव्हा पोती गेलेली असतात. आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर पट्टी ही रोजकीर्द आणि पुकारा ही वर्दी.

अण्णा प्रत्येक पट्टी घरी आणून कंदिलाशी धरत आणि एकेका रकमेपुढे पेन्सिलीने बारीक टिंब देत. टिंब म्हणजे ‘पाहिले’. त्याहून अधिक त्यांना काही करता येत नसे.

येथवर लिहून हा लेख संपवता आला असता. अडत्या दोषी, शेतकरी नाडलेला, आणि आम्ही त्याचे सुशिक्षित चिरंजीव. परंतु चहा संपवताना विद्यार्थ्याने सहज विचारले, “सर, तुमच्या घरी वर्दी कोणाला जाते?” त्याला बँकेचे संदेश अभिप्रेत होते. आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

उत्तर असे होते. अण्णांची नजर अधू झाल्यावर त्यांच्या आणि आमच्या संयुक्त खात्याला आम्ही आपला मोबाइल क्रमांक जोडला. त्यांना संदेश वाचता येत नाहीत, हे कारण खरेच होते. पुढे घराच्या हप्त्याची ओढाताण झाली तेव्हा त्या खात्यातून आम्ही रक्कम काढली. वाटाण्याचे, अंजिराचे, वर्षानुवर्षांचे पैसे. पैसे निघाल्याचा संदेश आला तो आमच्याच खिशात. अण्णा गावाहून फोन करीत आणि विचारीत, “बँकेचा काही निरोप?” आम्ही म्हणत असू, “विशेष काही नाही.” दिवाळीपूर्वी सगळी रक्कम परत भरली. हिशेब चोख झाला. त्यांना विचारले असते तर ते नाही म्हणाले नसते, हेही आम्हांला ठाऊक होते. तरी विचारले नाही.

अण्णा गेल्यावर त्यांच्या पेटीत पासबुक सापडले. गावातल्या कोणाकडून तरी त्यांनी ते बँकेत नेऊन भरून आणवले होते आणि कोणाकडून तरी वाचून घेतले असावे. आम्ही काढलेल्या रकमेपुढे पेन्सिलीचे टिंब होते. परत भरलेल्या रकमेपुढेही होते. टिंबे ओळीच्या किंचित खाली गेली होती; नजर अधू होती ना.

ते आम्हांला कधी काही बोलले नाहीत. पट्टीवर तरी ते कुठे बोलत असत?

त्या रविवारनंतर आम्ही बँकेत जाऊन आईच्या खात्याला तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडून घेतला. आता पेन्शन जमा झाली, विजेचे बिल गेले, की तिचा मोबाइल वाजतो. तिलाही अक्षरे नीट लागत नाहीत. ती हातातले काम टाकून आमच्याकडे येते आणि म्हणते, “काय आलंय बघ रे.” कधी आम्ही उत्तरपत्रिका तपासत असतो, कधी जेवत असतो. चष्मा शोधून आम्ही तो संदेश तिला वाचून दाखवतो, पूर्ण, रकमेसकट.