बाबांच्या कपाटाला चाकं

जिममध्ये वजनं उचलून आरशात बघणाऱ्यांनी एकदा आमच्या बाबांचं टूल-कपाट हलवून दाखवावं. हत्यारांसकट १८० किलो, बॉस! पाठीच्या ऑपरेशननंतर बाबांना जोर लावून काही ओढायची बंदी आली. कपाट कोपऱ्यात अडकलेलं, पुढे धड उभं राहायला जागा नाही. हळूहळू त्यांनी हत्यारंच सोडली. घरात भंगारवाल्याचा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं, थांबा, चाकं लावू.

फंडा सोपा आहे. वजन चारने नाही, तीनने भागायचं. फरशी कधीच पूर्ण सपाट नसते, एखादं चाक अधांतरी राहतंच. १८० भागिले ३, म्हणजे एका चाकावर ६० किलो. मी बोहरी आळीतून १०० किलो पेलणारी, ४ इंची पॉलियुरेथेनची चाकं आणली. ती फरशीवर काळे डाग पाडत नाहीत, सांध्यांतही अडकत नाहीत. दोन सरळ, दोन फिरती, फिरत्यांना ब्रेक. वेल्डरकडून अँगलची चौकट करून घेतली, कपाटाच्या तळाएवढी. त्याहून लहान केली तर कपाट कलंडायची भीती. मग सगळे ड्रॉवर काढले आणि पहारीने थोडं थोडं उचलत खाली लाकडी ठोकळे सरकवले. जड हत्यारं तळाला. आणि नियम एकच, एका वेळी एकच ड्रॉवर उघडायचा.

रविवारी बाबांनी ब्रेक सोडले, एका हाताने कपाट पुढे घेतलं आणि ड्रॉवर चाळत ओरडले, "दहा-अकराचा पाना कुठे टाकलास रे?"

भंगाराचा विषय नंतर कोणी काढला नाही.