मला बोट लागते

"मॅडम, आम्ही सतरा जण क्रूझला चाललोय. उलटीच्या गोळ्या लिहून द्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या." मे महिना जवळ आला की ओपीडीत ही मागणी हमखास येते. पूर्वी मी मुकाट्याने चिठ्ठी लिहून देत असे. आता आधी विचारते, केबिनची वाटणी कशी केली आहे? समोरचा गोंधळतो. केबिन बघणं हे ट्रॅव्हल एजंटचं काम, डॉक्टरांचा त्यात काय संबंध? दोन वर्षांपूर्वी मलाही असंच वाटत होतं.

आमच्या आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही दहा जण सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जायचं ठरवलं. दहा जण म्हणजे आई, बाबा, मी, माझा नवरा, आमचा सहा वर्षांचा मुलगा आणि दादाचं कुटुंब. दादाची पहिली बायको गेली तेव्हा त्याचा मुलगा नऊ वर्षांचा होता. दीड वर्षापूर्वी दादाने पुन्हा लग्न केलं. नव्या वहिनीची पहिल्या लग्नाची बारा वर्षांची मुलगी आहे आणि तिला लहानपणापासून सांभाळणारी वहिनीची आई त्यांच्याकडेच राहते. दादाचा मुलगा तेव्हा सोळाचा. एका छपराखाली नुकतंच राहू लागलेलं हे कुटुंब. (या लेखातल्या सगळ्यांना मी वाचून दाखवलं आहे, वहिनीच्या मुलीला सगळ्यात आधी.)

एजंटने फोनवर पाच मिनिटांत वाटणी करून टाकली. तीन केबिन. एकात आम्ही तिघं, एकात दादाचं चौघांचं कुटुंब, आणि एकात "तीन सीनियर सिटिझन". म्हणजे आई, बाबा आणि वहिनीची आई! व्याही-विहीणबाई चार रात्री एका खोलीत, एका बाथरूमवर. त्याचा हिशोब पैशांच्या दृष्टीने चूक नव्हता. एका केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं बहुतेक वेळा कमी पडतं, त्यामुळे माणसं कोंबली की खर्च उतरतो. पण बाबांना प्रोस्टेट आहे. रात्री तीन-चार वेळा उठतात. विहीणबाई इन्शुलिन घेतात. आई हसून म्हणाली, "त्या बिचाऱ्या रात्रभर पाणी पिणार नाहीत, आणि हे बिचारे रात्रभर उठणार नाहीत." ती गंमत म्हणून बोलली, पण वयस्कर माणसं प्रवासात नेमकं हेच करतात. लाजेपायी पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात, आणि मग परत आल्यावर आमच्याकडे येतात.

ही केबिन मी बदलायला लावली. दादाच्या केबिनकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. नवरा, बायको, दोन मुलं, मुलांसाठी भिंतीतून खाली येणारे वरचे दोन बर्थ. कागदावर अगदी व्यवस्थित.

आठवड्याने वहिनीचा फोन आला. मुलगी यायला नाही म्हणतेय. कारण? "मला बोट लागते." मी लगेच डॉक्टरकी सुरू केली. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते की आपण हलतोय. डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलतं, मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर कमी. झोपाळ्यावर मधे बसल्यासारखं. म्हणून केबिन मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्यायची. "गॅरंटी केबिन" नावाचा स्वस्त प्रकार असतो, त्यात नंबर कंपनी ठरवते, तो असा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. हे सगळं वहिनीला सांगितलं आणि प्रोमेथाझिनच्या गोळ्यांची एक पट्टीही आणून ठेवली.

वहिनीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, पण ती आजवर बोटीत कधी बसलेलीच नाही."

रविवारी मी तिला गाडीत घालून आइस्क्रीम खायला नेलं. पुतण्या त्रास देतो का, दादा काही बोलतो का, असे प्रश्न मी विचारले नाहीत. फक्त विचारलं, तिथे रात्री तुला कुठे झोपायला आवडेल? बराच वेळ ती कोन चाटत राहिली. मग सांगितलं. चार महिन्यांपूर्वी तिची पाळी सुरू झाली होती. अजून नियमित नव्हती, कधी येईल सांगता येत नव्हतं. त्या एवढ्याशा खोलीत वरच्या बर्थवरून, दादा आणि पुतण्याच्या देखत, रात्री शिडी उतरून बाथरूमला जायचं. चादरीला डाग पडला तर? पॅड टाकायचं कुठे? घरी तिची आणि आजीची खोली वेगळी होती, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. त्या दोघांनी तिला कधी दुखावलं नव्हतं. पण दीड वर्षात माणूस "आपल्या घरातला" होतो असं फक्त मोठ्यांना वाटतं.

आणि मी तिच्यासाठी गोळ्या आणून ठेवल्या होत्या.

मग आम्ही वाटणी पुन्हा केली, आणि यावेळी नात्यांच्या चौकटी बाजूला ठेवून रात्रीच्या हिशोबाने केली. रात्री अकरा ते सकाळी सहा कोणाला काय लागतं? बाबांना बाथरूम आणि थोडा उजेड. बिनखिडकीच्या आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवसासुद्धा मिट्ट काळोख असतो, वृद्ध माणूस जागा झाला की आपण कुठे आहोत हेच त्याला कळत नाही. शिवाय साध्या केबिनच्या बाथरूमला बऱ्याचदा उंच उंबरा असतो. त्यांना खिडकीची केबिन, सोबत नाइट लॅम्प, आणि शेजारी आम्ही तिघं, मधे दार असलेल्या जोडकेबिनमध्ये. इथे एक शब्द नीट ऐका. "कनेक्टिंग" म्हणजे आतून दार असलेली, "अ‍ॅडजॉइनिंग" म्हणजे नुसती शेजारची. एजंट दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. केबिनचे नंबर घ्या आणि जहाजाच्या नकाशावर स्वतः बघा.

दादा घोरतो, सीपॅपचं मशीन लावून झोपतो. त्याला आणि पुतण्याला एक केबिन. मशीनसाठी एक्स्टेंशन कॉर्ड लागते का, जहाजावर कोणती चालते, हे आधी विचारावं लागतं. सर्ज प्रोटेक्टर असलेली कॉर्ड बऱ्याच कंपन्या जप्त करतात. डिस्टिल्ड वॉटरही आधी मागून ठेवायचं.

उरल्या वहिनी, मुलगी आणि विहीणबाई. सुरुवातीला मी आजी-नातीची जोडी ठरवली होती. पण इन्शुलिनवरच्या माणसाची साखर रात्री उतरू शकते, आणि ती जबाबदारी एकट्या बारा वर्षांच्या मुलीवर टाकणं बरोबर नव्हतं. वहिनी म्हणाली, मी झोपते त्यांच्यात. आईच्या भुवया उंचावल्या. नवराबायको वेगवेगळे? "चार रात्री आहेत, आई," वहिनी म्हणाली. इन्शुलिनसाठी आम्ही औषधांचा फ्रीज आणि सुयांचा डबा मागून घेतला. केबिनमधला छोटा फ्रीज नेहमी पुरेसा थंड असतोच असं नाही.

तीनऐवजी चार केबिन झाल्या, खर्च वाढला. बाल्कनीचा हट्ट दोन केबिनपुरता सोडला तेव्हा तो थोडा आवाक्यात आला. एवढं करून मुलीला काय सांगितलं? काहीच नाही. नवा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. तिने अंगठा दाखवला.

मोठ्या कुटुंबांसाठी आणखी दोन गोष्टी. चार जणांच्या केबिन जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. कधी कधी केबिनमध्ये बर्थ असूनही चौथा माणूस घेत नाहीत, कारण त्या भागाला नेमून दिलेल्या लाइफबोटीची संख्या भरलेली असते. म्हणून असं बुकिंग लवकर करा आणि सगळी बुकिंग एकमेकांशी जोडून घ्या.

दुसरी गोष्ट पुनर्विवाहाच्या घरांसाठी, आणि डॉक्टर म्हणून मला ती फार महत्त्वाची वाटते. दादाने मुलीला कायद्याने दत्तक घेतलेलं नाही. उद्या फुकेतच्या किनाऱ्यावर ती त्याच्यासोबत असताना पडली, हाड मोडलं, तर उपचारांच्या संमतीवर सही कोण करणार? वहिनीने तिच्या वडिलांकडून प्रवासाचं संमतीपत्र घेतलं, आणि तातडीच्या उपचारांसाठी दादाला व मला अधिकार देणारं एक पत्र स्वतः लिहून नोटरी करून घेतलं. आडनावं वेगळी असली की असे कागद हाताशी असलेले बरे. गर्भवती कोणी असेल तर कंपनीचा नियम बुकिंगच्या आधी वाचा. बहुतेक कंपन्या प्रवासादरम्यान चोविसावा आठवडा लागत असेल तर घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा घेत नाहीत.

आता माझी चूक सांगते.

जूनचा पहिला आठवडा. अंदमान समुद्रात नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले होते. पेनांग सोडलं त्या रात्री जहाज हलायला लागलं. जेवताना आईला मळमळू लागलं. माझ्या पर्समध्ये ती गोळ्यांची पट्टी होती, मुलीसाठी आणलेली, तशीच न उघडलेली. मी एक गोळी आईला दिली आणि पट्टी टेबलावर ठेवून मुलाला झोपवायला गेले. आईने प्रेमाने एक बाबांनाही दिली. घरातल्या डॉक्टरने ठेवलेली गोळी, म्हणजे सगळ्यांना चालणारी.

पहाटे तीनला मधलं दार वाजलं. बाबा बारापासून बाथरूमच्या फेऱ्या मारत होते, लघवीचा एक थेंब उतरत नव्हता. पोट बेंबीपर्यंत फुगलेलं, घामाने चिंब. आईला फोनवर आमच्या केबिनचा नंबर आठवला नसता. तिने नुसतं दार ढकललं.

प्रोमेथाझिन हे औषध उलटी थांबवतं, पण मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचनाचा जो निरोप नसांकडून येतो तो अडवतं. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाचा मार्ग आधीच अरुंद, त्यात स्नायूही सुस्त झाला की लघवी पूर्ण अडते. हीच गोष्ट वयस्करांमध्ये गोंधळलेपणा आणि तोल जाणंही घडवू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांतही ही गोळी चालत नाही. सर्दीच्या कित्येक गोळ्यांचंही असंच आहे. हे मी रोज पेशंटना सांगते. स्वतःच्या वडिलांच्या टेबलावर पट्टी मीच ठेवून गेले होते.

जहाजावरच्या दवाखान्यात रात्रीही नर्स आणि डॉक्टर असतात. तातडीच्या गोष्टी तिथे होतात, तज्ज्ञांची वाट किनाऱ्यावर बघावी लागते. डॉक्टरांनी नळी घातली, जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. बाबांनी डोळे मिटून "हुश्श" केलं. बिल जहाजाच्या खात्यावर लागलं आणि आधी आपल्याला भरावं लागलं. आपला इथला मेडिक्लेम परदेशात सहसा चालत नाही. प्रवास विमा घेताना प्रोस्टेटचा आजार लिहिला होता म्हणून पैसे नंतर मिळाले.

फुकेतला जहाज समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतं. बाबा पायाला पिशवी बांधून खिडकीशी बसले होते. आई त्यांना सोडून हलणार नव्हती, मी तिला जबरदस्तीने खाली पाठवलं आणि स्वतः थांबले. बोटीच्या रांगेतून वहिनीची मुलगी आजीला घेऊन परत आली. का गं? "छोट्या बोटीत मला बोट लागते," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली आणि पत्ते काढले. पाच-तीन-दोनला तिघंच लागतात. मी दवाखान्याचे कागद घेऊन मधल्या दारातून आमच्या केबिनमध्ये गेले. विहीणबाई बाबांना हात ओढताना लबाडी करू नका म्हणून दटावत होत्या.

नाशिकला आल्यावर चौथ्या दिवशी नळी काढली. लघवी नीट होऊ लागली.

सतरा जणांच्या त्या पेशंटने मला मोबाइलवर जहाजाचा नकाशा दाखवला. त्याच्या वडिलांची केबिन अगदी पुढच्या टोकाला, वरून दुसऱ्या मजल्यावर होती. मुलगे, सुना, नातवंडं सगळे मागच्या टोकाला. वडील प्रोस्टेटची गोळी घेतात का, असं मी विचारलं. घेतात म्हणाला. एजंटला फोन त्याने तिथूनच लावला, बाहेर पुढचे चार पेशंट थांबले होते तरी मी त्याला लावू दिला.