उगवतीचा समुद्र

मराठी माणसाच्या मनात समुद्र म्हटला की त्यात सूर्य बुडत असावयाचाच. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्याने आम्हांस हीच शिकवण दिली. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत दोन माड, एक होडी आणि पाण्याला टेकलेले तांबडे बिंब यांवाचून आमचा समुद्र कधी पुरा झाला नाही. अशा संस्कारांत वाढलेल्या मनुष्यास सरकार चेन्नईला पाठविते. भाषेच्या आणि सांबाराच्या तक्रारी यथावकाश सुरू होतातच. परंतु त्याची पहिली तक्रार ही की, येथे समुद्र आहे, पण सूर्यास्त नाही. मरीनाच्या वाळूत पाण्याकडे तोंड करून बसावे, तर सूर्य पाठीमागे, आमच्या वेस्ट मांबलमच्या दिशेस, गच्च्यांआड केव्हा उतरला याचा पत्ताही लागत नाही. शहराची सावली आधी वाळूवर पडते, मग पाण्यावर. आणि काळोख समुद्राकडून घराकडे चालत येतो.

वेस्ट मांबलमहून समुद्रावर निघालेला नवखा मनुष्य बहुधा मांबलम स्थानकात जातो आणि 'बीच' अशी पाटी वाचून हर्षभराने त्या गाडीत बसतो. शेवटच्या स्थानकावर उतरल्यावर त्याला दर्शन घडते ते बंदराच्या भिंतीचे आणि मालमोटारींचे! जाणती मंडळी बस पकडून थेट मरीना गाठतात. त्या स्थानकाचे नाव मात्र खोटे नाही. एके काळी लाटा तेथवर येत असत. १८७० नंतरच्या दशकात बंदराच्या भिंती समुद्रात घालण्यास प्रारंभ झाला, १८८१ च्या वादळाने त्या मोडल्या, आणि त्या पुन्हा उभारल्या गेल्या. या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. तिच्या वाटेत भिंत आडवी आली, आणि जिला पुढे जावयाचे होते ती वाळू वर्षानुवर्षे येथेच साठत राहिली. उत्तरेस रायपुरमची भूमी समुद्र खात गेला, दक्षिणेस मरीना रुंदावत गेली. म्हणजे ज्या वाळूवर आम्ही बसतो ती मूळची येथली नव्हे. तीही आमच्यासारखीच बाहेरून येऊन मुक्कामास राहिलेली आहे.

नावाचीही तीच कथा. समुद्रालगतचा हा रस्ता बांधविला तो मद्रासचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ याने. हे नाव मराठी वाचकास ओळखीचे वाटेल. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा जेम्स ग्रँट डफ हा त्याचा बाप, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टनसाहेबाचे नाव बापाने मुलास दिलेले! भूमध्य समुद्रावरील सिसिली बेटाच्या आठवणीने १८८४ मध्ये या गृहस्थाने आपल्या नव्या कृतीस 'मरीना' म्हटले. सिसिलीतील पालेर्मो शहराची मरीना त्याच्या डोळ्यांपुढे होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात पालेर्मोवर बाँब पडले, पडक्या घरांचा ढिगारा तेथल्या मरीनापुढील पाण्यात लोटण्यात आला, आणि समुद्र तिच्यापासून दुरावला. तेथल्या नागरिकांना समुद्रस्नानासाठी आता मोंदेल्लोची वाळू गाठावी लागते. मूळच्या मरीनाचे असे झाले. तिचे नाव लावणारीला मात्र वाळूची ददात पडली नाही.

भूमध्यावरील शहरांत लोक किनाऱ्यावर जातात ते ऊन घेण्यासाठी. आमचे चेन्नईकर जातात ते ऊन टाळून. मे महिन्यात वेस्ट मांबलमच्या घरांतून दुपारी जो उकाडा दाटतो, त्यास एकच उतारा आहे, तो म्हणजे समुद्रवारा. तो लवकर सुटला तर माणसे एकमेकांशी गोड बोलतात. न सुटला तर त्या दिवशी कचेरीत कोणाकडे रजेचा विषय काढू नये. संध्याकाळी सारे शहर वाऱ्यास सामोरे जाते. कोणी पोहत नाही. आतला ओढा घातक असल्यामुळे मरीनावर स्नानास बंदीच आहे. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहावयाचे, पायांखालची वाळू निसटताना दचकावयाचे, एकमेकांचे हात घट्ट धरावयाचे, एवढ्यावर अख्खी कुटुंबे तृप्त होतात. मग वाटाणे, खोबरे आणि कैरी यांचे सुंडल कागदाच्या पुडीत घ्यावयाचे. आमच्या भेळेशी त्याची तुलना करण्याचा मोह प्रत्येक मराठी मनुष्यास होतो. दोन वर्षांनी तो आपोआप मावळतो.

वाळूवर हुद्दा टिकत नाही, हा आमच्या मते मरीनाचा मोठा गुण. येथे प्रत्येकाच्या हातात स्वतःची पादत्राणे असतात, आणि अशा स्थितीत कोणासही फार वेळ साहेब राहता येत नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजसमोरच्या वाळूस स्वातंत्र्यचळवळीच्या काळात 'टिळक घाट' म्हणत. तेथे प्रचंड सभा भरत. १९२० साली लोकमान्यांचा देह मुंबईत चौपाटीच्या वाळूवर अग्नीच्या स्वाधीन झाला. त्यांचे नाव मात्र या दुसऱ्या समुद्राच्या वाळूनेही धारण केले होते. हे कळले त्या दिवसापासून परकेपणाची आमची तक्रार बरीच बोथट झाली.

तथापि समुद्र हा काही बाग नव्हे. बेझंटनगरच्या इलियट्स बीचवर एक पांढरे स्मारक आहे. ते १९३० साली इतरांचे प्राण वाचविताना बुडालेल्या श्मिट नावाच्या डॅनिश मनुष्याचे. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी त्सुनामी याच वाळूवर चढून आली, तेव्हा फिरावयास आलेली माणसे आणि मच्छीमारांच्या कुप्पमांतील घरे, दोन्ही तिच्या वाटेत सापडली. आम्ही घटकाभर बसून घरी जातो. कोळ्यांचे तर ते अंगणच आणि कारखानाही. २०२० मध्ये साथीमुळे मरीना बंद झाली ती थेट डिसेंबरात उघडली. त्या महिन्यांत आमचे शेजारी गच्चीवर उभे राहून पूर्वेकडे पाहत, आणि आम्हीही पाहत असू. सूर्यास्ताची आठवण तेव्हा एकदाही झाली नाही.

आमच्या कन्येस समज आली ती याच वाळूवर. तिच्या चित्रातील सूर्य समुद्रातून वर येतो. गेल्या मे महिन्यात तिला रत्नागिरीस भाट्याच्या किनाऱ्यावर नेले. बिंब पाण्याला टेकले, आजोबांनी कौतुकाने बोट दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "आबा, सूर्य उलटा चाललाय!" आमचे वडील पोटभर हसले. परत येताना मात्र वाटेत बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच आम्हांस म्हणाले, "हिला आता इकडे आणायचं बघ रे."

वडिलांचे वय आता अठ्याहत्तर आहे, आणि घरात ते एकटे असतात. त्यांच्या म्हणण्यात अवास्तव काहीच नाही. परंतु परवाच्या रविवारी पहाटे कन्येने हट्टाने आम्हांस मरीनावर नेले. मासेमारीच्या होड्या परतत होत्या. पाण्याच्या कडेस प्रथम एक रेघ उजळली, मग बिंब हळूहळू सुटे झाले. ती टाळ्या वाजवून शेजारच्या मुलींशी अस्खलित तमिळमध्ये काही बोलली. आम्हांस त्यातले निम्मेच समजले.

विनंती-बदलीचा अर्ज भरून आमच्या टेबलाच्या खणात आहे. मुदत महिनाअखेरीपर्यंत. खाली तारीख तेवढी घालावयाची राहिली आहे.